‘साहेबांविरुद्ध आपले कोण ऐकणार?’

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात ती दीड वर्षापासून कंत्राटी लिपिक आहे. संस्थेचे अध्यक्षच साखर कारखान्याचे आणि पतसंस्थेचेही सर्वेसर्वा आहेत. साडेतीन आठवड्यांपूर्वी त्यांनी सहीच्या फाईली घेऊन तिला संस्थेच्या विश्रामगृहावर बोलावले, दार लावून घेतले आणि तिच्या अंगावर हात टाकला. ती कशीबशी सुटून आली. तो दिवस पक्का आठवतो, कारण त्या दिवशी गॅस आला होता आणि कॅलेंडरवर मी ‘सिलिंडर’ असे लिहून ठेवले आहे. आठ दिवस ती धड जेवली नाही, मग मला सांगितले. यजमान एका नातेवाइकाजवळ बोलले आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेचे एक संचालक घरी आले. ‘पोरीला कायम ऑर्डर देतो, वर काही लागले तर तेही बघू. त्या वेळी ओरडली का नाही, असे कोर्टात विचारतील तेव्हा काय सांगाल?’ असे म्हणून गेले. तेव्हापासून आमच्या उसाची तोड थांबली आहे. नोंद जुनी आहे, उसाला तुरे आले आहेत, पण तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय फोन उचलत नाही. पतसंस्थेचे कर्ज डोक्यावर आहे. मुलीची मूळ प्रमाणपत्रे संस्थेत आहेत आणि रुजू होताना तिची कोऱ्या कागदावर सही घेतली आहे. यजमान म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर नको. मुलगी म्हणते, मला त्याला असेच सोडायचे नाही, पण रात्री दचकून उठते. अशा माणसांना शिक्षा होते का कधी? आम्ही काय करावे?
– एक आई

(पत्रातील ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई,

मुलीने तुम्हाला सांगितले आणि तुम्ही तिला ‘तू एकटी का गेलीस’ असे विचारले नाही, हे तुमच्या पत्रातून कळते. पुढे जे काही होईल ते या विश्वासाच्या आधारावरच होईल, म्हणून तो कोणत्याही भांडणात, कोणत्याही वैतागात ढळू देऊ नका.

शिक्षा होते का, या तुमच्या प्रश्नाला मी गोड उत्तर देणार नाही. रुचिका प्रकरण तुम्ही ऐकले असेल. ऑगस्ट १९९० मध्ये हरियाणात पंचकुला येथे चौदा वर्षांच्या एका टेनिस खेळाडू मुलीचा विनयभंग झाला. आरोपी एस. पी. एस. राठोड हा पोलीस महानिरीक्षक होता आणि राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्षही होता. तिची मैत्रीण प्रत्यक्ष साक्षीदार होती. खुद्द पोलीस महासंचालकांनी चौकशी करून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुन्हा नोंदवण्याची शिफारस केली होती. तरीही गुन्हा नोंदवायला १९९९ साल उजाडले, आणि तेही उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिल्यानंतर. दरम्यान फी थकल्याचे कारण दाखवून मुलीचे नाव शाळेतून कमी केले गेले, तिच्या भावावर गाडी चोरल्याचे गुन्हे लादले गेले, डिसेंबर १९९३ मध्ये तिने विष घेतले आणि ती गेली. राठोड मात्र पदोन्नती घेत घेत पोलीस महासंचालक झाला. डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवून ६ महिने कैद आणि १००० रुपये दंड ठोठावला. अपिलात कैद १८ महिने झाली, पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवताना त्याने आधीच भोगलेले जवळपास ६ महिने पुरेसे मानले.

ही हकिकत मी तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. ती नीट पाहिली, तर मोठ्या माणसाला त्याचे बळ कोठे वापरावे लागते ते कळते. त्या १९ वर्षांत राठोडला एकाही न्यायाधीशाला विकत घ्यावे लागल्याचे दिसत नाही. शाळेचे कार्यालय, पोलीस ठाण्याची डायरी, भावाच्या नावावरचा खोटा गुन्हा आणि निघून जाणारी वर्षे एवढ्यावर त्याचे भागले. आपल्याकडे लोक म्हणतात की पैशाने कोर्ट फिरते. माझ्या मते त्याआधीच, न्यायालयापर्यंतच्या वाटेवर, बहुतेक काम उरकलेले असते. तुमच्याही घरी नेमके हेच सुरू झाले आहे. संचालक येऊन गेले आणि तेव्हापासून तोड थांबली, यात योगायोग नाही. ऊस, कर्ज, प्रमाणपत्रे आणि कोरा कागद हे चार दोर त्या माणसाच्या हातात आहेत आणि त्यांतला प्रत्येक दोर तुम्हाला गप्प करण्यासाठी ओढला जाणार आहे. म्हणून माझा सगळा सल्ला दोनच गोष्टींभोवती आहे : हे प्रकरण त्याच्या तालुक्याच्या बाहेर न्या, आणि दोर एकेक करून सैल करा.

त्याआधी संचालकांच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण तो प्रश्न मुलीच्याही मनात रुतून बसला असणार. ‘ओरडली का नाही?’ १९७२ साली आपल्याच राज्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलीस शिपायांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिपायांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, ती ओरडली नाही, असे म्हणून त्यांना सोडून दिले. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठाण्याच्या चार भिंतींत, वर्दीसमोर, गरीब मुलीचे गप्प राहणे म्हणजे संमती कशी, हा त्यांचा प्रश्न होता. देशभर महिला रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ मध्ये बलात्काराच्या व्याख्येतच लिहिले गेले की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत कलम वेगळे लागेल, पण हा प्रश्न न्यायालयात आला तर तिच्या पाठीशी चाळीस वर्षांचे उत्तर उभे आहे. तिला हे सांगा. ज्याच्या एका सहीवर तिची नोकरी अवलंबून आहे, त्या माणसाने दार लावल्यावर घशातून आवाज न फुटणे यात तिचा काही दोष नाही.

आणि शिक्षा होते, हेही खरे आहे. कर्नाटकातील हासनचा तत्कालीन खासदार प्रज्वल रेवण्णा हा माजी पंतप्रधानांचा नातू. २०२४ मध्ये त्याच्यावरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांचे प्रकरण बाहेर येताच तो राजनैतिक पासपोर्टवर जर्मनीला निघून गेला आणि महिनाभराने परतल्यावर त्याला अटक झाली. त्याच्याविरुद्ध उभी राहिली ती त्यांच्याच शेतघरावर काम करणारी एक मोलकरीण. घटनेच्या वेळची तिची साडी तपास पथकाला मिळाली आणि तिच्यावरच्या डागांची डीएनए तपासणी हा खटल्यातला मोठा पुरावा ठरला. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. त्याने अपील केले आहे, तेव्हा शेवटचा शब्द अजून यायचा आहे. पण तक्रार करणारीकडे पैसा नव्हता, पद नव्हते, तरी एक साडी आणि न बदललेला जबाब यांवर खटला उभा राहिला, हे विसरू नका.

आता तुमच्या घरातल्या साडीबद्दल, म्हणजे पुराव्याबद्दल. त्या दिवशीचे तिचे कपडे धुतलेले नसतील तर वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, कारण त्यात दमट होऊन डाग खराब होतात. धुतले असतील तरी टाकून देऊ नका. कॅलेंडर भिंतीवरून काढून कपाटात ठेवा. त्या चौकोनात ‘सिलिंडर’ लिहिले आहे, त्यावर आता एक अक्षरही नव्याने लिहू नका. मागाहून घातलेला मजकूर समोरचा वकील पाच मिनिटांत उघडा पाडील आणि मग खरा शब्दही खोटा वाटेल. गॅस एजन्सीची पावती किंवा त्या दिवशीचा मोबाईलवरचा संदेश सापडला तर तारखेला आणखी बळ येईल. मुलीला एका वहीत सगळे सलग लिहायला सांगा : किती वाजता बोलावले, फोनवर की शिपायामार्फत, कोणत्या फाईली होत्या, विश्रामगृहाच्या दाराशी कोण बसले होते, ती बाहेर पडताना कोणी पाहिले, घरी कशी आली. जे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असेच लिहावे. संचालक कोणत्या दिवशी आले, काय म्हणाले आणि त्यानंतर कोणत्या दिवसापासून तोड थांबली, हे तुम्ही स्वतः वेगळ्या वहीत लिहा. फोनवरचे संदेश आणि ध्वनिमुद्रणे मूळ फोनमध्येच राहू द्या. फोन विकू नका, दुरुस्तीला टाकू नका.

संचालक पुन्हा येतील. त्यांच्याशी आकड्यांबद्दल एक शब्दही बोलू नका, ‘किती देता’ असे रागाने किंवा उपरोधानेसुद्धा म्हणू नका. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला २०१९ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीने तिचे महाविद्यालय चालवणारे माजी केंद्रीय मंत्री चिन्मयानंद यांच्यावर आरोप केले, तेव्हा काही आठवड्यांत तिलाच खंडणीच्या गुन्ह्यात अटक झाली. पुढे ती आपल्या जबाबावरून फिरली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने दोन्ही खटल्यांत आरोपींना निर्दोष सोडले. त्या प्रकरणात कोण खरे होते, हे मी ठरवू शकत नाही. पण खंडणीची उलट फिर्याद हे असे हत्यार आहे जे तुमच्याविरुद्धही उपसले जाऊ शकते, आणि पैशाचे एक वाक्य त्याला धार लावायला पुरेसे आहे. ‘आम्हाला यावर काही बोलायचे नाही’ एवढेच सांगून दार लावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समेटाची तरतूद आहे, पण तो फक्त पीडित स्त्रीने मागितला तरच होतो आणि त्याचा आधार पैसा असू शकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका शिक्षकाविरुद्धचा गुन्हा, कुटुंबाशी तडजोड झाली म्हणून रद्द करता येणार नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा बैठकीत मिटवून घेण्याची जी भाषा गावात होईल, तिला कायद्यात जागा नाही.

तक्रारीच्या वाटा दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालता येतात. पहिली २०१३ च्या त्याच कायद्याची. संस्थेत अंतर्गत समिती असेल किंवा कागदावर असेल, पण तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली की ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळते. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढते, परंतु वाढीवर विसंबू नका. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि तोपर्यंत मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. ही रजा माझ्या मते फार मोलाची आहे, कारण रोज त्या कार्यालयात जावे लागले तर मुलगी महिन्याभरात मोडेल.

दुसरी वाट पोलिसांची. तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात साहेबांचा शब्द चालत असेल, म्हणून तिथेच जावे असे बंधन नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ठाण्यात जा. मुलीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची आहे आणि तिची प्रत विनामूल्य द्यायची आहे. ती प्रत हातात आल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. सही करण्याआधी प्रत्येक ओळ मुलीने स्वतः वाचावी, कारण ‘अंगावर हात टाकला’ याचे ‘अरेरावीने बोलले’ असे सौम्य रूप तिथेच होते आणि मग सगळा खटला त्या शब्दावर अडतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ७४, म्हणजे विनयभंगाचे कलम, लागले तर गुन्हा अजामीनपात्र आहे आणि त्याला एक ते पाच वर्षांची शिक्षा आहे. नोंद करायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. नोंद झाल्यावर दंडाधिकाऱ्यांसमोर मुलीचा जबाब लवकर व्हावा म्हणून आग्रह धरा. विश्रामगृहावर कॅमेरे असतील तर त्यांचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी फिर्यादीबरोबरच लेखी द्या. बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत जुन्या चित्रणावर नवे चढते आणि तुमचे साडेतीन आठवडे आधीच गेले आहेत.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. तुमच्या तालुक्यात वकिली करणारा वकील मात्र घेऊ नका. त्याचाही ऊस त्याच कारखान्याला जात असेल.

नंतर काय होईल तेही सांगते, म्हणजे तुमचा धीर खचणार नाही. साहेबांना अटकपूर्व जामीन मिळू शकतो. छातीत दुखते म्हणून ते रुग्णालयात दाखल होतील आणि गावात बातमी पसरेल की ‘साहेब सुटले’. जामीन म्हणजे सुटका नव्हे. जामिनाला साक्षीदारांवर दबाव न आणण्याची अट असते, आणि त्यानंतर संचालक पुन्हा घरी आले तर तुमच्या वहीतली ती नोंद जामीन रद्द करण्याच्या अर्जाला जोडता येते. धमकी आली तर जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करा. ही योजना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात लागू केली, ती याचिका आसारामविरुद्धच्या प्रकरणांतील एका साक्षीदारानेच इतरांसह केली होती. त्या प्रकरणांत तीन साक्षीदारांचे खून झाले, तरी बाकीचे उभे राहिले आणि २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप दिली. त्या माणसांची आठवण मला अशी पत्रे वाचताना नेहमी येते.

आता दोर. ऊस : तुरे आलेला ऊस रोज वजन आणि साखरेचा उतारा गमावतो आहे, म्हणून साहेबांच्या कारखान्याच्या गट ऑफिसची वाट पाहू नका. शेजारच्या कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला आजच भेटा, तेही जमले नाही तर गुऱ्हाळाला घाला. टनामागे दोन पैसे कमी मिळतील. यजमानांना हे नुकसान वाटेल, पण ज्या दिवशी ऊस शेतातून निघेल त्या दिवशी त्यांच्या मानेवरचा अर्धा हात निघालेला असेल. कर्ज : हप्ता एकही चुकवू नका, पासबुक भरून घ्या, खात्याचा उतारा लेखी मागा. वसुलीचा तगादा हा पुढचा डाव असणार. प्रमाणपत्रे : विद्यापीठाकडून आणि मंडळाकडून दुय्यम प्रती मिळतात, त्यासाठीचे अर्ज लगेच टाका. कोरा कागद : फिर्यादीतच लिहा की रुजू होताना अशी सही घेतली आहे आणि मुलीने राजीनामा दिलेला नाही. हेच संस्थेला स्पीड पोस्टाने कळवा आणि पावती जपा. उद्या जुन्या तारखेचा राजीनामा निघाला, तर तो निघण्याआधीच तुम्ही सांगितलेले असेल.

यजमानांना भित्रे म्हणू नका. एका गावात, एकाच माणसाच्या कारखान्यावर, पतसंस्थेवर आणि शाळेवर संसार चालवणाऱ्या माणसाला भीती वाटणारच. त्यांना कायदा सांगून पटणार नाही, ऊस निघाला की पटेल. तोवर मुलीने ही भाषा पुन्हा पुन्हा ऐकू नये एवढे बघा. आणि ताई, शेवटचा निर्णय तिचाच आहे. ती सज्ञान आहे. सगळे ऐकून ती ‘आत्ता नको’ म्हणाली तर तेही मान्य करा. वह्या, कपडे आणि कॅलेंडर मात्र जपून ठेवा. फक्त स्थानिक समितीची तीन महिन्यांची मुदत तिला तारखेसह सांगा, म्हणजे ‘नको’ म्हणताना ती काय सोडते आहे हे तिला माहीत असेल. झोप येत नाही, दचकते, त्यासाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ असतात. तिथला केसपेपर पुढे पुरावाही ठरू शकतो, पण तिला तिथे न्यायचे ते झोप लागावी म्हणून.

येत्या सोमवारी जिल्ह्याला जा. पहिल्या एस.टी.ने निघा, म्हणजे गावात विचारपूस व्हायच्या आत पोहोचाल. आधी विधी सेवा प्राधिकरण, मग वकिलाला घेऊन पोलीस ठाणे, मग समितीचा अर्ज. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका, पोलिसांना दिला तर पोच घ्या. वाटेत आणि बाकावर तिच्याशेजारी बसा. पण ती आत जबाब देत असेल तेव्हा तुम्ही बाहेर थांबा, कारण काही गोष्टी तिने तुम्हालाही अजून सांगितलेल्या नसतील.